आईचा एसजीपीटी 412, टीबीच्या गोळ्या बंद, आणि घरात सगळ्यांनी मिळून तिचं जेवणही बंद केलंय

सिडको_उत्तमनगर

आई 62 वर्षांची. मानेला गाठ आली होती, जूनमध्ये सुईने तपासली, टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन आज 40 दिवस झाले. रोज तीन गोळ्या, सकाळी उपाशीपोटी; नाश्ता साडेनऊला, रात्रीचा भात संध्याकाळी सातलाच. सुरुवातीला वजन 43 किलो होतं, काल 41 भरलं.

लघवी पहिल्याच दिवसापासून केशरी होती. गोळ्यांनी असं होतं, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. मागच्या आठवड्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली, फोडणीचा वास आला तरी उमासे. मंगळवारी शेजारच्या मावशी म्हणाल्या, अहो यांचे डोळे पिवळे दिसतात. घरात ट्यूबलाइटखाली आम्हाला ते कळलंच नव्हतं, गॅलरीत नेऊन बघितलं तेव्हा दिसलं.

यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट: एसजीपीटी 412, एसजीओटी 366, बिलिरुबिन 3.1, अल्ब्युमिन 2.9, आयएनआर 1.2. डॉक्टरांनी टीबीच्या सगळ्या गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या, पुढच्या शुक्रवारी परत रक्त द्यायला सांगितलं. खायला काय द्यायचं विचारलं तर "हलकं द्या" म्हणाले, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

आता हलकं म्हणजे काय, यावरून घरात महाभारत चालू आहे. थोरली आत्या निफाडहून आली आणि तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हळद, तेल, तूप, डाळ, दूध सगळं बंद. सकाळ-संध्याकाळ रसवंतीवरून उसाचा रस, दुपारी उकडलेला दुधी आणि मऊ भात. आज चौथा दिवस. आई बाथरूमला जाते ती भिंतीला धरून. त्यात परवा श्रावणी सोमवार, आणि ती उपास धरणार म्हणजे धरणारच.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. खायला नक्की काय द्यायचं? आणि गोळ्या बंद ठेवल्या तर टीबीचं काय?

दिंडोरीकर

आमच्या चुलत्यांची कावीळ माळेने उतरली. डोक्यावर ठेवलेली माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की समजायचं कावीळ गेली. पंधरा दिवसांत माणूस बागेत कामाला लागला. साइड इफेक्ट काही नाही, करून बघायला काय जातं?

लॅबवाली_काकू

सिडको, सल्ला नंतर देते, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे.

हिपॅटायटिसच्या, म्हणजे विषाणूंनी होणाऱ्या काविळीच्या, कोणकोणत्या तपासण्या झाल्या? फक्त बी आणि सी, की ए आणि ई पण? टीबीच्या गोळ्यांशिवाय आई काय काय घेते? चूर्ण, काढा, आसव, अंगदुखीची गोळी, टीव्हीवर बघून मागवलेली पावडर, सगळं सांग. आणि झोपेचं काय? दिवसा पेंगते आणि रात्री टक्क जागी, किंवा भलतंच काही बोलते, असं आहे का?

सिडको_उत्तमनगर

काकू, बी आणि सी निगेटिव्ह. ए आणि ई रिपोर्टवर नाहीत. झोप बरी आहे, बोलणं नीट आहे, कालच आत्याशी भांडली.

औषध दुसरं काही नाही. फक्त गुळवेलीचा काढा घेते, कोविडपासून रोज सकाळी एक कप. समोरच्या कडुलिंबावर वेल आहे, त्याचाच. ते आम्ही औषधात धरलंच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

लॅबवाली_काकू

वाटलंच होतं. लॅबमध्ये रक्त काढताना मी विचारायचे, कोणती औषधं चालू आहेत? कोणतीच नाहीत. काढा? हो, काढा आहे की! असं 27 वर्षं ऐकलंय.

मी डॉक्टर नाही. रिपोर्ट टाइप करण्यात अर्धं आयुष्य गेलं आणि नवऱ्याच्या सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत आकसून निकामी होण्यात, 6 वर्षं स्वयंपाक केला, तेवढ्या बळावर बोलतेय. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

आधी रिपोर्ट. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आतलं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. 40 ही वरची मर्यादा धरली तर तुझ्या आईचं दहा पट आहे. टीबीच्या औषधांबाबत साधारण नियम असा, की उलटी-मळमळ किंवा कावीळ असेल तर तिप्पट झाल्यावर थांबायचं, काहीच त्रास नसेल तर पाचपट झाल्यावर. तुमच्या डॉक्टरांनी थांबवलं ते अगदी बरोबर केलं. एसजीपीटी तिपटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य, दुपटीच्या वर, ही जोडी वाईट असते हे हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी फार पूर्वी दाखवलं. औषधाने अशी कावीळ झालेल्यांपैकी दहातला एक दगावू शकतो. तुला घाबरवायला हे सांगत नाहीये. शुक्रवारची तपासणी "आता बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात देऊ" म्हणून ढकलू नकोस, म्हणून सांगते.

मी मात्र तुझ्या रिपोर्टमधला आयएनआरचा आकडा दोनदा वाचला. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. पेशी फुटल्या तरी कारखाना चालू आहे का, हे आयएनआर सांगतो. 1.2 म्हणजे चालू आहे. तो 1.5 कडे सरकला, किंवा आई असंबद्ध बोलू लागली, हिरड्यांतून रक्त आलं, दिवसभर झोपून राहिली, तर शुक्रवारची वाट न बघता त्याच तासाला दाखल करायचं.

अल्ब्युमिन, म्हणजे यकृताने बनवलेलं रक्तातलं प्रथिन, 2.9 आहे ते मात्र या कावीळीचं नाही. त्याचं अर्धं आयुष्यच जवळपास तीन आठवडे असतं, चार दिवसांत ते एवढं पडत नाही. ते टीबीने आणि कमी खाण्याने आधीच पडलेलं होतं. म्हणजे तुमची आई आजारात शिरली तीच रिकाम्या पोटाने.

केशरी लघवीचं. टीबीच्या गोळीतल्या रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू सगळं केशरी होतं, ते निरुपद्रवी. पण त्या गोळीने डोळ्यातलं पांढरं पिवळं होत नाही. लघवी केशरीवरून कोऱ्या चहासारखी काळपट झाली की ती कावीळ. "घाबरू नका" सांगणारे एवढं एक वाक्य जोडत नाहीत, आणि लोकांचा आठवडा फुकट जातो. डोळे नेहमी दिवसाच्या उजेडात बघायचे.

ए आणि ई ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आमच्या लॅबमध्ये या दोघांची रांग लागायची. ई निघाला तर टीबीच्या गोळ्यांवरचा आरोप बराचसा उतरतो. आणि रसवंतीचा रस आजपासून बंद. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, काचेचे ग्लास कुठल्या बादलीत बुडवतात, हे तूही बघितलं असशील. यकृत सुजलेलं असताना वर आणखी एक विषाणू कशाला?

दिंडोरीकर, माळेचं असं की ओल्या काड्यांना गाठी मारलेल्या असतात. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल होतात, माळ लांबते. ती खुंटीवर टांगली तरी लांबेल. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळतं. औषधाने यकृत खराब होत असताना माळ बांधून गोळ्या चालू ठेवल्या तर काय होतं, ते मी दोन घरांत पाहिलंय. करून बघायला काय जातं, तर ते जातं.

टीबीचं काय, याचं उत्तर. ज्या तीन गोळ्या आई घेत होती त्या प्रत्येकीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400, इथॅम्ब्युटॉल 275. 35 ते 49 किलो वजनाला तीन गोळ्या. यातली पहिली तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, इथॅम्ब्युटॉल सहसा देत नाही. चारी एकाच गोळीत असल्यामुळे चोर कोण ते कळत नाही. म्हणून एसजीपीटी दुपटीच्या खाली आला की डॉक्टर सुटी औषधं एकेक करून परत सुरू करतात. बहुतेक आधी रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी रक्त, मग आयसोनियाझिड, परत रक्त. पायराझिनामाइड अनेकदा कायमचं वगळतात आणि मग कोर्स लांबतो. मानेच्या गाठीचा टीबी दोन-तीन आठवडे थांबला म्हणून सहसा हाताबाहेर जात नाही. आजार जोरात असेल तर मधल्या काळापुरती यकृताला न झोंबणारी औषधं देतात. तुमच्या बाबतीत ती हवीत का, हे डॉक्टरांना सरळ विचार.

तुम्ही एकटे नाही हेही सांगते. बंगळुरूच्या डॉ. हर्षद देवरभावी आणि देशभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांमुळे यकृत बिघडलेल्या 1288 रुग्णांची नोंद 2021 मध्ये छापली. त्यात टीबीची औषधं 46 टक्के. दुसरा नंबर कुणाचा असेल? काढे, चूर्णं, वनौषधी वगैरे, जवळपास 14 टक्के. तुझ्या घरात पहिला आणि दुसरा नंबर सकाळी एकाच वेळी पोटात जात होते. काढा आजच बंद, आणि शुक्रवारी जाताना त्या वेलीचा तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव.

आता खाणं. इथे मला जरा रागच येतो, कारण माझ्या घरात हे घडलंय.

नवऱ्याला सिरॉसिस. दारूचा थेंब नाही, साखर आणि चरबी यांनी झालेलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, डाळ-दूध-पनीर बंद, नाहीतर त्याचं विष डोक्यात चढून शुद्ध जाईल. मी इमानेइतबारे आठ महिने बंद ठेवलं. माणसाच्या मांड्या गेल्या. विजार दोरीने बांधायची वेळ आली. मग मुंबईला दुसरं मत घेतलं, तर तिथल्या आहारतज्ज्ञ बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही यांना उपाशी ठेवलंय. स्पेनमध्ये 2004 साली यकृतामुळे शुद्ध हरपलेल्या रुग्णांनाच दोन गटांत वाटून बघितलं होतं, एका गटाला प्रथिनं तोडली, दुसऱ्याला नेहमीइतकी दिली. तोडल्याने काहीही फायदा झाला नाही. तोडलेल्यांच्या अंगातली प्रथिनं मात्र जास्त झिजली. आता जगभर यकृताच्या रुग्णांना दर किलो वजनामागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगतात.

तुझ्या आईला सिरॉसिस नाही, पण टीबी आहे आणि वजन 41 आहे. तिचा हिशेब 50 ते 60 ग्रॅमचा. आत्याच्या ताटात किती आहेत? दोन वाट्या भात, दुधी, उसाचा रस. सगळं मिळून दहा ग्रॅमही भरत नाहीत. रसात नुसती साखर.

मी अंडं सांगितलं असतं, पण श्रावणात ती खाणार नाही, तो वाद आत्ता नको. हे कर:

सकाळी उठल्या उठल्या पेलाभर दुधात शिजवलेलं नागलीचं सत्त्व. नऊ-साडेनऊला मूगडाळीची दोन धिरडी, लहान, तव्यावर तेलाचा नुसता हात. दुपारी घट्ट वरण वाटीभर, मऊ भात, दही. वरण पाणचट करायचं नाही, डाळ दिसली पाहिजे. चारला फुटाण्याचं पीठ दोन मोठे चमचे ताकात, मीठ-जिरं घालून. रात्री मुगाची खिचडी. आणि रात्री दहाला परत पेलाभर दूध. हे सगळं गेलं तर 58-60 ग्रॅम होतात. पहिले दोन दिवस अर्धंच जाईल. अर्धंही आत्ताच्या तिप्पट आहे.

रात्रीचं दूध सोडू नकोस. सुजलेल्या किंवा खराब यकृतात साखरेचा साठा कमी असतो. सिरॉसिसचा माणूस एक रात्र उपाशी झोपला की सकाळी त्याचं शरीर, धडधाकट माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यासारखं स्वतःचे स्नायू खायला लागलेलं असतं, हे 1983 मध्येच मोजलेलं आहे. न्यूझीलंडमध्ये 2008 साली एका गटाला दिवसा आणि दुसऱ्याला रात्री झोपताना तेच जादा खाणं वर्षभर दिलं, तर रात्रीवाल्यांच्या अंगात सुमारे दोन किलो मांस भरलं. हा नियम सिरॉसिसचा आहे, कबूल. पण तुझी आई संध्याकाळी सातला भात खाते, सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग नाश्ता साडेनऊला. मधले साडेचौदा तास मोज.

तेल-तूप बंद करण्याचं कारण नाही, तळकट तेवढं नको. हळद चिमूटभर चालते. त्रास होतो तो मिरपुडीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी, अमेरिकेत त्यांचे रुग्ण नोंदले गेलेत. डोळे पिवळे म्हणून पिवळं बंद, हे तर्कशास्त्र आपल्या आज्यांचं. फोडणीच्या वासाने उमासे येतात ना? मग ती गॅलरीत असताना फोडणी कर आणि जेवण कोमट दे. गरम जेवणाचा वास जास्त येतो.

सोमवारी ऐकणारच नसेल तर साबुदाणा नको, त्यात प्रथिनं जवळपास शून्य. भगर दे, आपल्या नाशिकात तिला काय तोटा. सोबत दाण्याची आमटी घट्ट, दूध, दही, राजगिऱ्याचा लाडू. म्हणजे महादेवही खूश. निर्जळी मात्र अजिबात नाही.

वैद्य_पंचवटी

काकूंचं खाण्याबद्दलचं सगळं पटलं. गुळवेलीला मात्र सरसकट चोर ठरवू नका. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांचा लेख छापला तेव्हा आयुष मंत्रालयाने रास्त आक्षेप घेतला होता, की त्यांनी वापरलेली वनस्पती कोणती हे नीट ओळखलंच नव्हतं. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दिसायला सारखी वेल आहे, ती यकृताला घातक ठरू शकते.

लॅबवाली_काकू

वैद्यबुवा, आक्षेप वाचलाय. त्यानंतर 2022 मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 43 रुग्ण मांडले, आणि रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांची तपासणी केली तर ती खरी गुळवेलच निघाली. बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइड, मधुमेह किंवा स्वतःच्याच यकृतावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीची प्रवृत्ती होती. म्हणजे सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. पण समजा तुमचंच बरोबर आहे. मग सिडकोतल्या कडुलिंबावरची वेल नक्की कोणती, हे या मुलाने कसं ओळखायचं?

वैद्य_पंचवटी

हे मात्र खरं. आत्ता यकृत सुजलेलं असताना काढा बंदच ठेवा. खरी गुळवेल कोणती, हा वाद आपण नंतर घालू.

टीबीकाम_पेठ

मी पेठ तालुक्यात टीबीच्या कामावर आहे. सिडको, तुमच्या भागातल्या टीबी कार्यकर्त्याला आजच फोन करा आणि औषध डॉक्टरांनी थांबवलंय हे निक्षयच्या, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी, नोंदीत घालायला सांगा. नाहीतर रुग्णाने मध्येच औषध सोडलं अशी नोंद पडते आणि पुढे निस्तरत बसावं लागतं. औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्मही भरून घ्या, रुग्णाच्या घरच्यांनाही कळवता येतं, 1800-180-3024 वर.

पोषणाचे पैसे मिळतात का? निक्षय पोषण योजनेत 2018 पासून महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर अडकतात. आमच्याकडे हे पैसे घरातल्या किराण्यात मिसळून जातात आणि पेशंटच्या ताटात काही येत नाही. मी आता थेट सांगतो, हजाराचे दाणे, डाळ आणि फुटाणे घ्या आणि डबा पेशंटच्या उशाशी ठेवा.

झारखंडमध्ये भार्गव दांपत्याने केलेला अभ्यास 2023 मध्ये लॅन्सेट समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकांतून आला. जवळपास 2800 टीबी रुग्णांना सहा महिने शिधा दिला. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. 43 किलोच्या बाईला 5 टक्के म्हणजे दोन किलो. तुमच्या आईचे उलटे दोन किलो गेलेत.

सिडको_उत्तमनगर

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. ए आणि ई निगेटिव्ह आले. वेलीचा तुकडा दाखवला तर डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. ते हसले, मग त्यांनी पाच मिनिटं नीट बोलून घेतलं. मधल्या काळासाठी वेगळी औषधं नकोत म्हणाले, रक्तावर लक्ष ठेवू.

त्या शुक्रवारी एसजीपीटी 238, बिलिरुबिन 2.2, आयएनआर 1.1. एकोणिसाव्या दिवशी एसजीपीटी 61. मग एकटं रिफॅम्पिसिन इथॅम्ब्युटॉलसोबत, पुढच्या आठवड्यात आयसोनियाझिड. पायराझिनामाइड देणार नाहीत, कोर्स नऊ महिन्यांचा होईल म्हणाले. परवाचा एसजीपीटी 44.

आत्याशी मात्र दोन दिवस अबोला होता. मी काकूंचा हिशेब कागदावर लिहून फ्रिजला लावला, किती ग्रॅम कशात. तिसऱ्या दिवशी बघतो तर आत्या स्वतः फुटाणे मिक्सरला लावत होती. म्हणाली, आमच्याकडे बाळंतिणीला देतात तेच तर आहे हे, मग आधी सांगायचं ना. निफाडला परत जाताना हुलग्याचं पीठ ठेवून गेली, शेंगोळे करायला.

वजन 42 किलो 600. आईची तक्रार आता एकच, रात्री दहाला झोपेतून उठवून दूध का पाजता.

लॅबवाली_काकू

पाज. शेंगोळे तिखट करू नकोस. आणि पुढच्या रक्ताचा आकडा इथे टाक, बिलिरुबिनसकट.